चोरीला न गेलेली ढाल

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक मुलगी झाडाखाली बसून, मांडीवरच्या पुस्तकाकडे बघून खळखळून हसत होती. पुस्तक चांगलं जाडजूड होतं आणि त्याच्या पाठीवरचं 'संख्याशास्त्र' हे नाव स्पष्ट वाचता येत होतं. खाली सोनेरी अक्षरांत छापलं होतं : 'सुरक्षित परिसर, निर्धास्त पालक.' तपासनीसांनी ते चित्र चष्मा वर करून पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं आणि पुस्तिका टेबलावर टाकली.

"संख्याशास्त्र वाचून हसणारी मुलगी ज्यांना खरी वाटते," ते म्हणाले, "त्यांच्या हाती मी माझी मुलगी देऊ?"

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. पण इमारतीत सगळे त्यांना तेच म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. सारी नोकरी त्यांनी कुलपांच्या कारखान्यात, तपासणी खात्यात काढली होती. इतर माणसं सकाळी कामावर जाऊन कारकून होतात, मास्तर होतात. हे कामावर जाऊन चोर होत. तार, पटाशी, हातोडी घेऊन बसायचं आणि समोर येईल ते कुलूप किल्लीशिवाय उघडून बघायचं. उघडलं तर नापास. 'कुलपाची परीक्षा किल्लीने होत नाही, चोराने होते,' हे त्यांचं वाक्य त्यांच्याच निरोप समारंभात व्यवस्थापकांनी स्वतःचं म्हणून वापरलं, आणि त्यावर टाळ्या पडल्या. ही जखम अजून ओली होती.

पुढे ते निवृत्त झाले, पण त्यांच्या आतलं खातं काही निवृत्त झालं नाही. घरात तर ते पहिल्यापासूनच चालू होतं. लेकीची नवी सायकल त्यांनी आधी स्वतः भिंतीवर नेऊन आदळली. बहिणीचा होणारा नवरा पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याचा स्वभाव कळावा म्हणून त्याला मोडक्या खुर्चीवर बसवलं. लग्न झालं, पण ते मेहुणे आजही या घरात उभ्यानेच बोलतात. 'पास' हा शब्द मात्र घरात कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. जेवण झकास झालं की ते म्हणत, "आज तक्रार नाही." लेक शाळेत पहिली आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "दुसरी आलेली आजारी होती का?"

त्या लेकीला आता शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला जागा मिळाली होती. बसने दीड तासाचं अंतर, म्हणजे वसतिगृहात राहणं आलं. शनिवारी दुपारी बारापर्यंत पालकाची सही होऊन प्रवेश पक्का झाला तर ठीक, नाहीतर आत्याच्या गल्लीतलं कॉलेज होतंच. तिथे भूगर्भशास्त्र नव्हतं, गृहव्यवस्थापन होतं, आणि आत्याला गॅलरीत कपडे वाळत घालता घालता कुठल्या वर्गात कोण झोपलंय तेही दिसायचं. इतकं सुरक्षित कॉलेज साऱ्या जगात नसेल. लेकीला तिथे घातलं असतं तर ती चार वर्षांत उत्तम घडी घालायला शिकली असती.

"दगडांचा अभ्यास करायला एवढ्या लांब कशाला जायला हवं?" तपासनीस म्हणाले. "इथे काय दगड कमी आहेत?"

"कमी नाहीत, बाबा," लेक म्हणाली. "पण इथल्यांचा अभ्यास झालाय माझा."

"सही करा आणि मोकळे व्हा," बायको आतून म्हणाली.

"तपासल्याशिवाय सही? मी?" तपासनीस उठून उभे राहिले. असं उभं राहिल्यावर त्यांची उंची थोडी वाढल्यासारखी वाटे, म्हणून महत्त्वाची वाक्यं ते उभ्यानेच बोलत. "आधी परिसर तपासणार. मग सही."

"बाबा, तिथल्या कुणाला तरी नुसतं विचारून बघा ना."

"विचारून कळत असतं तर जगात तपासणी खाती कशाला काढली असती?"

बातमी जिन्याने वर-खाली करायला संध्याकाळ पुरली. वरच्या मजल्यावरचे वकील खाली आले. वकिली त्यांची जोरात चाले असं ते सांगत. कोर्टात त्यांनी आजवर तारखांखेरीज काही मिळवलेलं कुणी पाहिलं नव्हतं. "आकडेवारी मागा," ते म्हणाले. "लेखी. सही-शिक्क्यानिशी." तपासनीसांनी पुस्तिकेचं मागचं पान त्यांच्यापुढे धरलं. 'गेल्या पाच वर्षांत परिसरात एकही अनुचित घटना नाही.'

"मग झालं तर!" वकील म्हणाले.

"झालं कसलं? आमच्याकडे ज्या पाळीत एकही कुलूप नापास होत नसे, त्या पाळीचा तपासणारा झोपलेला असे."

समोरच्या मावशी आल्या त्या शिट्टी घेऊनच आल्या. "मुलींना शिकवावं हो," त्या म्हणाल्या, "पण हाकेच्या अंतरावर." हा सल्ला त्या इमारतीतल्या प्रत्येक मुलीच्या बापाला देत, त्यांचा स्वतःचा मुलगा दुसऱ्या खंडात होता आणि हाकच काय, फोनलाही ओ देत नव्हता. शिट्टी त्यांच्या दिवंगत यजमानांची. ते फुटबॉलचे पंच होते. "ही वाजली की बावीस माणसं जागच्या जागी थांबायची," मावशी म्हणाल्या. "मी नाही थांबले कधी, ती गोष्ट निराळी." लेकीने ती शिट्टी त्यांचं मन राखायला गळ्यात अडकवली.

तपासनीस प्रथम रीतसर गेले. कॉलेजने पालकांना परिसर दाखवायला एक संपर्क अधिकारी बाई ठेवल्या होत्या. त्यांचं हसू सकाळी चढवलेलं असावं आणि ते संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावरच उतरत असावं. बाईंनी त्यांना कारंजं दाखवलं, ग्रंथालयाचा घुमट दाखवला आणि मग एका लाल खांबापाशी नेलं.

"हा आमचा मदतखांब. विद्यार्थिनी संकटात असली की तिने नुसतं बटण दाबायचं."

खांबाला वरपासून खालपर्यंत प्लास्टिक गुंडाळलेलं होतं आणि बटणावर रेशमी फीत बांधलेली होती.

"हे सोडत का नाही?"

"अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन व्हायचंय. त्यांची तारीख मिळत नाहीये."

"आणि तोवर कुणी संकटात सापडलं तर?"

बाईंच्या हसण्यात किंचित खंड पडला. "तशी मागणी अजून आलेली नाही," त्या म्हणाल्या.

नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे होते आणि सगळ्या पडद्यांवर, वेगवेगळ्या बाजूंनी, एकच मोटार दिसत होती. प्राचार्यांच्या मोटारीला कुणीतरी ओरखडा काढला होता, तेव्हापासून कॅमेरे तिकडे वळवलेले होते. पडद्यांसमोरचा माणूस त्या मोटारीकडे इतक्या एकाग्रतेने बघत होता, की तपासनीसांनी त्याच्यामागे उभं राहून खोकून पाहिलं, त्याची खुर्ची हलवून पाहिली, तरी त्याने मान वळवली नाही. परतताना बाईंनी त्यांना मुख्य इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, मोठ्या खिळ्याला टांगलेली ढाल दाखवली. जाड शिसवी लाकूड, त्यावर पितळेचा पत्रा, पत्र्यावर कोरलेलं : 'सर्वाधिक सुरक्षित परिसर.' दर वर्षी म्हणे एक समिती येते, घटना शून्य असल्याची खात्री करते आणि ढाल देऊन जाते. यंदाची समिती याच शनिवारी यायची होती.

तपासनीस बसने घरी निघाले. बडा घर पोकळ वासा, हे त्यांना पहिल्या फेरीतच कळलं होतं. साध्या माणसाने एवढ्यावर निकाल दिला असता. पण आपण नुसते पालक नाही, आपण जाणकार आहोत, हे त्यांना स्वतःला विसरता येत नव्हतं आणि दुसऱ्याला विसरू द्यायचं नव्हतं. कुलूप हातात घेऊन उलटसुलट बघणं वेगळं आणि फोडणं वेगळं. त्यांनी ठरवलं की उद्या चोर म्हणून जायचं आणि ती ढालच उचलून आणायची. मग ती प्राचार्यांच्या टेबलावर आदळून एक सणसणीत वाक्य बोलायचं. वाक्य त्यांनी बसमध्येच तयार केलं. यावेळी ते कुणी चोरू नये म्हणून बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते फाटकावर गेले आणि रखवालदारासमोर छाती काढून उभे राहिले.

"काय काम?"

"चोरी करायला आलोय."

"कुठल्या विभागात?"

"मुख्य इमारत."

"मग हे फाटक नाही. पलीकडून जा, इथून लांब पडेल तुम्हाला," रखवालदार म्हणाला आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

पुढे जे झालं ते सांगताना तपासनीसांचा आवाज नंतरही संतापाने कापत असे. कपाळाला आठ्या आणि काखेत फाईल असलेल्या माणसाला त्या कॉलेजात कुणीही अडवत नाही. त्यांनी शिपायाकडे स्टूल मागितलं, त्याने आणून दिलं. ते स्टुलावर चढले, शिपायाने स्टूल धरलं. ढाल जड होती, तेव्हा त्याने एक बाजूही धरली आणि "सांभाळून हं, साहेब, मागच्या वेळी एकाच्या पायावर पडली होती," असं काळजीने सांगितलं. बाहेर पडताना पलीकडच्या फाटकावरच्या रखवालदाराने रस्त्यात उभं राहून टॅक्सी थांबवली आणि सलाम ठोकला. कारखान्यात टेबलाला पक्कं न बसवलेलं कुलूपसुद्धा याहून जास्त विरोध करत असे.

ढाल घरी आली, ती दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवली गेली, आणि तिथून सगळं बिघडलं. दार उघडंच होतं. समोरच्या मावशींनी ढाल पाहिली आणि "बक्षीस मिळालं! बक्षीस मिळालं!" करत जिन्यात ओरडल्या. अर्ध्या तासात चारजण अभिनंदन करून चहा पिऊन गेले. वकील मात्र ढालीभोवती हात मागे बांधून एक फेरी मारून म्हणाले, "मुद्देमाल ताब्यात, साक्षीदार भरपूर, आणि चोराने साक्षीदारांना चहाही पाजला. माझ्याकडे अशी केस आली नाही कधी."

लेकीने ढालीवरची अक्षरं वाचली. मग बाबांकडे पाहिलं. ती चिडली की ओरडत नसे, अगदी हळू बोले, आणि आता ती इतकी हळू बोलली की तपासनीसांना पुढे वाकावं लागलं. "बाबा, शनिवार परवा आहे."

"उद्या सकाळी परत देतो. तोंडावर टाकतो त्यांच्या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. दुसऱ्या दिवशी प्राचार्य भेटले नाहीत. समितीच्या स्वागताच्या भाषणाची तालीम चालली होती. तपासनीसांना सुरक्षा प्रमुखांच्या खोलीत पाठवण्यात आलं. या गृहस्थांच्या मिशा भरदार होत्या आणि टेबल स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ टेबल फक्त ज्याला काही काम नसतं त्याचंच असतं. तपासनीसांनी चादरीतून ढाल काढली, टेबलावर आदळली आणि वाक्य टाकण्यासाठी श्वास घेतला.

"हे काय?" प्रमुख म्हणाले.

"तुमची ढाल. काल दिवसाढवळ्या चोरली मी."

"शक्य नाही."

"अहो, ही समोर आहे!"

"ही आमची नाही."

"यावर तुमच्या कॉलेजचं नाव कोरलंय!"

"नाव काय, कुणीही कोरून घेतं."

"मग तुमची कुठे आहे?"

"जागेवर."

"जागेवर नुसता खिळा आहे. आत्ता बघून आलो."

"पॉलिशला दिलीय."

"कुणाकडे?"

"त्याचा तपास चालू आहे," प्रमुख म्हणाले आणि त्यांनी उठून दार लावून घेतलं.

मग ते जवळ येऊन समजावणीच्या सुरात बोलू लागले. ही परत घ्यायची म्हणजे आत आल्याची नोंद करायला हवी. आत आली म्हणायचं तर आधी बाहेर गेलेली हवी. बाहेर गेली म्हणायचं तर चोरी झाली म्हणायला हवं, आणि चोरी ही अनुचित घटना आहे, आणि या परिसरात अनुचित घटना घडत नाहीत. "तेव्हा जी गेलीच नाही, ती मी परत कशी घेऊ? तुम्हीच सांगा. तुम्ही शिकलेले दिसता."

तपासनीसांनी तयार करून आणलेलं वाक्य आता कुठेच बसत नव्हतं.

"आता दुसरी बाजू," प्रमुख म्हणाले. "उद्या समितीला खिळ्यावर ढाल दिसली, तर काहीच घडलेलं नाही. नाही दिसली, तर घडलंय, आणि घडलं असेल तर चोर लागेल. तुमच्या मुलीच्या प्रवेशाचं चाललंय ना इथे? संपर्कवाल्या बाई म्हणत होत्या. हुशार आहे म्हणे. उगाच चोराची मुलगी म्हणून तिचं नाव कशाला पुढे यावं?"

"मग घ्या ना ही, लावा खिळ्यावर!"

"मी हात लावला की पंचनामा आला. जशी गेली तशी आली पाहिजे. कुणाला न दिसता."

"जाताना सगळ्यांना दिसली होती!"

"ते तुमचं नशीब," प्रमुख म्हणाले.

चादरीत गुंडाळलेली ढाल पुन्हा बसने घरी आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी अवस्था. बायकोने सगळं ऐकून घेतलं. "सारा जन्म कुलपं फोडलीत," ती म्हणाली, "आणि एक चोरी धड निस्तरता आली नाही." त्या रात्री तपासनीसांना झोप आली नाही. कॉलेज फालतू आहे हे सिद्ध करायला ते निघाले होते, ते सिद्धही झालं होतं, आणि आता त्याच फालतू कॉलेजने आपली मुलगी नाकारू नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. सही करायची की नाही हा रुबाब कधीच संपला होता. दगड गोळा करून त्यांना नावं देणारी ती मुलगी आत्याच्या गॅलरीखाली चार वर्षं बसलेली त्यांना डोळ्यांपुढे दिसत होती, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं.

शनिवारी ते उठले तर लेक घरात नव्हती. "सकाळच्या बसने गेली," बायको म्हणाली. "या आठवड्यात रोजच तर जातेय. तुम्हाला तुमच्या ढालीतून दिसेल तेव्हा ना!" कुठे जाते, हे विचारायला थांबण्याइतका वेळ तपासनीसांजवळ नव्हता. त्यांनी ढाल चादरीत बांधली, समितीसाठी आज कॅमेरे सरळ केले असले तर त्यांत चेहरा दिसू नये म्हणून खुंटीवरचा हाताला लागला तो मफलर तोंडाला गुंडाळला आणि निघाले.

फाटकावर आज समितीमुळे कडक बंदोबस्त होता. रखवालदाराने फोन खिशात ठेवला होता, यावरूनच प्रसंगाचं गांभीर्य कळत होतं.

"आत काय नेताय?"

"सामान."

"सामान आत न्यायला पास लागतो."

"परवा हेच बाहेर नेलं, तेव्हा कुणी हटकलं नाही!"

"बाहेर नेताना कशाला हटकू? नेल्याने आतलं कमी होतं. वाढलं तर आमच्यावर जबाबदारी येते."

तपासनीसांनी कुंपणाला वळसा घातला. मागच्या बाजूला, मुलींच्या वसतिगृहाच्या अंगणात उघडणारं एक लोखंडी दार होतं. त्याला कुलूप होतं. त्यांनी सवयीने ते हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं, जरासा हिसका दिला, आणि ते उघडून त्यांच्या तळहातावर पडलं. कुलपाच्या बुडाशी कारखान्याचा शिक्का होता, आणि शिक्क्याखाली, स्वतःच्या हस्ताक्षराइतकी ओळखीची, कुलूप पास करणाऱ्या तपासनीसाच्या क्रमांकाची खूण होती. त्यांनी ती चष्मा वर करून पाहिली, चष्मा खाली करून पाहिली. बाजारात हल्ली बनावट माल फार झालाय, असा निष्कर्ष काढून त्यांनी कुलूप खिशात टाकलं आणि आत पाऊल ठेवलं.

त्याच क्षणी शिट्टी वाजली.

बावीस माणसं जागच्या जागी थांबावीत अशी शिट्टी होती. तपासनीस एकटेच होते, ते थांबले. पुढच्या मिनिटात खिडक्यांतून, जिन्यावरून, नळावरून मुली बाहेर पडल्या. एकीच्या तोंडाला दात घासल्याचा फेस होता, एकीच्या हातात तवा होता, एकीच्या हातात दगड फोडायची हातोडी. कुणी किंचाळलं नाही. दोघी त्यांना ओलांडून मागे गेल्या आणि दारात उभ्या राहिल्या. एकीने फोटो काढला. हातोडीवाली पुढे आली.

"बोजा खाली ठेवा. हात दिसू द्या. त्या पायरीवर बसा." मग ती जरा वाकून म्हणाली, "धाप लागलीय तुम्हाला. पाणी हवंय?"

त्यांनी मान हलवली. पाणी आलं. एकीने फोन कानाला लावला आणि थोड्या वेळाने खाली ठेवला. "सुरक्षावाले उचलत नाहीत."

"उचलत नाहीतच," हातोडीवाली म्हणाली. "पण लावायचा. नाहीतर उद्या म्हणतील, तुम्ही कळवलं नाही."

तपासनीसांचं आतलं खातं मात्र जागं होतं. वाट कशी अडवली, कुणी कुठे उभं राहायचं हे न सांगता कसं ठरलं, खालच्या मजल्याची खिडकी कुणी आठवणीने लावली, हे सगळं ते बघत होते. गेल्या तीन दिवसांत या परिसरात त्यांना अडवणारं पहिलंच काहीतरी भेटलं होतं. तिकडे मुख्य इमारतीवरच्या कर्ण्यातून भाषण सुरू झालं : 'सांगायला अभिमान वाटतो, की आमच्या परिसरात यंदाही एकही...'

"नाव काय तुमचं?" हातोडीवालीने विचारलं.

तपासनीसांनी मफलर आणखी वर ओढला. नाव सांगितलं की आडनाव येणार, आडनाव आलं की लेक येणार.

"कुणाकडे आलात? इथल्या कुणाला ओळखता?"

"कुणालाही नाही," ते मफलरातून म्हणाले. "मी चोर आहे. पोलिसांना बोलवा."

घोळक्याच्या मागून शिट्टीवाली वाट काढत पुढे आली. शिट्टी अजून तिच्या ओठांतच होती. तपासनीसांनी मान वर केली. त्यांनी तिला डोळ्यांनी खुणावलं, नको; मानेने खुणावलं, नको. तिने शिट्टी काढली. गप्प राहिली असती तर तिचा प्रवेश सुरक्षित होता, हे तिलाही कळत होतं.

"हे माझे बाबा आहेत," ती म्हणाली.

"मी हिला ओळखत नाही!" तपासनीस ओरडले.

"बाबा, मफलर माझा आहे."

तव्यावालीने तवा खाली केला आणि सगळ्याजणी खो-खो हसत सुटल्या. तपासनीसांना आयुष्यात इतक्या माणसांनी एकदम हसलेलं नव्हतं. त्यांनी मफलर काढला, घडी घातली आणि उरलेली अब्रू गोळा करत विचारलं, "तू इथे काय करतेस?"

"तुम्ही करताय तेच. परिसर बघतेय. चार दिवस येतेय. ह्यांच्यात बसते आणि विचारते."

"काय विचारतेस?"

लेक सांगू लागली. ग्रंथालयामागच्या वाटेवर दिवे नाहीत, तिथून एकटीने जायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सरांकडे वही दाखवायला जाताना दोघींनी जायचं आणि दार उघडं ठेवायचं. त्यांच्याविरुद्ध तक्रारअर्ज दिला होता. घटना शून्य ठेवायची म्हणून तो घेतलाच नाही. रखवालदार येत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या बाईंचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. या दाराचं कुलूप हाताने निघतं. तेही दोन वर्षं सांगून झालं, म्हणून मुली पाळीपाळीने अंगणात अभ्यासाला बसतात. "आज माझी पाळी होती," ती म्हणाली.

तपासनीस ऐकत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फाटकं तपासली, खांब तपासला, ढाल चोरली. ज्यांना इथे राहायचं होतं, त्यांच्यापैकी एकीशीही ते बोलले नव्हते. आणि मुलींना जे सगळं ठाऊक होतं, ते घडलंच नाही असं तिकडे कर्ण्यावरून सांगितलं जात होतं. त्यांना त्या मिशांचा, त्या स्वच्छ टेबलाचा मनस्वी संताप आला. पण त्याहून जास्त संताप कुणाचा आला असेल, तर खिशातल्या कुलपाचा.

"म्हणजे हे सुरक्षित नाही," ते म्हणाले.

"नाहीच, काका," हातोडीवाली म्हणाली. "पण आम्ही आहोत."

कर्ण्यावर टाळ्या वाजल्या. समितीने यंदाही शून्य घटनांबद्दल तेच बक्षीस दिलं होतं, आणि एक नवी कोरी ढाल त्या खिळ्यावर चढवली गेली होती. जुनी कुठे गेली, हे समितीने विचारलं नाही. विचारायची प्रथा नव्हती. तेव्हा जुनी आता खरोखरच कुणाची नव्हती.

"बारा वाजत आलेत, बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली.

तपासनीसांनी हात पुढे केला. तिने पिशवीतून कागद काढला. टेकायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ढाल मांडीवर घेतली, 'सर्वाधिक सुरक्षित' या अक्षरांवर कागद ठेवला आणि सही केली. पितळ खडबडीत होतं, सही वेडीवाकडी आली. लेक कागद घेऊन धावत सुटली.

ती परत आली तेव्हा बाबा लोखंडी दाराशी वाकलेले होते. हातोडीवालीने विचारलं, "कुलूप कुठल्या कंपनीचं होतं, काका?"

"अक्षरं पुसट आहेत," तपासनीस म्हणाले. "येत्या रविवारी मी नवीन आणतो. स्वतः फोडून बघून."

तोवरची सोय म्हणून त्यांनी ती ढाल उचलली आणि दार आतून लावून त्याच्या बुडाशी आडवी ठोकून बसवली. मग उठले, दाराची कडी दोन्ही हातांनी धरली आणि वसतिगृहातल्या सगळ्या मुलींसमोर दाराला आतल्या बाजूला जोरदार हिसका दिला. दार हललं नाही. पुन्हा दिला. पितळ कुरकुरलं, दार जागच्या जागी राहिलं.

तपासनीस खांदा चोळत वळले. समोर लेक उभी होती, धापा टाकत, गळ्यात शिट्टी, हातात प्रवेशाची पावती.

"पास," ते म्हणाले.

तो शब्द दाराला होता की तिला, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर ते 'दाराला' म्हणाले असते.